चाकांवरच्या घरातला हिवाळा

काय दोस्तांनो, स्वेटर निघाले का ट्रंकेतून? आमच्या निफाड तालुक्यात तर निघून, मळून, एकदा धुऊनसुद्धा झाले! आमच्याकडची थंडी म्हणजे नावाजलेली. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली घसरतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आमचं नाव छापून येतं. मुलांना त्याचा केवढा अभिमान! जणू ती थंडी त्यांनीच पाडली. द्राक्षबागायतदार मात्र काळजीत असतात. थंडीनं मणी तडकतात, म्हणून पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकचं पाणी सोडतात. आणि आमची मुलं कानटोप्या घालून, शाली गुंडाळून शाळेच्या पूर्वेकडच्या भिंतीशी ओळीनं उन्हाला बसतात. अशा दिवसांत मी पहिला तास बाहेरच घेते. वर्गातल्या फरशीवर बसवून त्यांना कुडकुडत ठेवण्यात काय अर्थ आहे?

असाच एक तास चालू होता. मी मुलांना विचारलं, "गोधडी गरम असते का रे?"

"होऽऽऽ!" एका सुरात उत्तर.

"मग मोजू या." शाळेच्या विज्ञानपेटीतला तापमापक काढला. (तापाचं थर्मामीटर नव्हे हं. ते यासाठी वापरायचं नाही, गरम पाण्यात तर फुटेलच.) सावलीत धरला, तर चौदा अंश. मग त्याला गोधडीत चांगलं गुंडाळून, सावलीतच ठेवून दिलं. पंधरा मिनिटं पाढे म्हटले. बाहेर काढला, तर पुन्हा चौदा! मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. एक मुलगी म्हणाली, "बाई, मापक बिघडलंय."

मापक बिघडलं नव्हतं. मग आम्ही दुसरा प्रयोग केला. सारखे दोन स्टीलचे तांबे घेतले. दोन्हींत खिचडीच्या चुलीवरचं साठ अंशांचं पाणी सारख्या मापानं भरलं, वर झाकण ठेवलं. एक तांबा तसाच सावलीत, दुसरा गोधडीत. अर्ध्या तासानं बघतो तर उघडा तांबा बेचाळीसवर आलेला आणि गोधडीतला अजून पंचावन्नवर! म्हणजे बघा, गोधडी स्वतः काही गरम नसते. ती ऊब देत नाही, आपलीच ऊब आपल्याजवळ राखून ठेवते. तिच्या जुन्या लुगड्यांच्या थरांत हवा अडकून बसलेली असते, आणि अडकलेली हवा उष्णतेला सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही. तापमापकाला स्वतःची ऊबच नाही, तर गोधडी राखणार काय?

हे सगळं मी का सांगतेय? तर आज आपल्याला अशा एका घरात जायचंय, ज्याची गोधडी फार फार पातळ आहे. आणि बाहेरची थंडी निफाडसारखी नाही. तिच्यापुढे आपलं निफाड म्हणजे उन्हाळाच म्हणा ना!

माझा एक मामेभाऊ आहे. वयानं मोठा, म्हणून आम्ही सगळी त्याला दादा म्हणतो. तो तेलविहिरींच्या कामातला इंजिनिअर. २०१३ च्या हिवाळ्यात त्याचं काम होतं अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, विलिस्टन नावाच्या गावाजवळ. नकाशा घ्या आणि अमेरिकेच्या वरच्या काठाला, अगदी कॅनडाला खेटून मधोमध बघा, सापडेल. मिसूरी नदीच्या काठी आहे. तिथं जमिनीखाली खूप खोल 'बाकेन' नावाचा खडकाचा थर आहे. त्या खडकात तेल अडकलेलं. ते काढायची नवी पद्धत निघाली आणि त्या लहानशा गावात माणसांचा लोंढा आला. २०१० च्या जनगणनेत तिथं साधारण १४,७०० माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ती २९ हजारांच्या वर गेली. आता तुम्हीच सांगा, एवढ्या माणसांना घरं कुठून मिळणार? जी होती त्यांची भाडी आकाशाला भिडली. मग कित्येक कामगार ट्रॅव्हल ट्रेलरमध्येच राहू लागले. कुणी एकटे, कुणी बायकामुलांसह.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. मोठ्या गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायचं, जसा आपल्याकडं ट्रॅक्टरच्या मागं ट्रेलर असतो तसा. पण आत बघाल तर थक्क व्हाल! पलंग, ओटा, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, सगळं आटोपशीर बसवलेलं. दादानं फोटो पाठवला तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना हेवा वाटला. मी त्या वेळी नुकतीच शिकवायला लागले होते. मी तर ठरवूनच टाकलं, की आपणही असंच घर घ्यायचं आणि सुट्टीत कन्याकुमारीपर्यंत जायचं.

त्यानंतर डिसेंबरात दादाचा निरोप आला, "आज इथं उणे वीस आहे." मी शेजारीपाजारी सांगत सुटले, उणे वीस, उणे वीस! मागाहून कळलं की तो फॅरनहाइटमध्ये सांगत होता. त्याचे आपल्या सेल्सिअसमध्ये किती होतात, सातवीतल्या ताईदादांनी काढून बघा. उणे एकोणतीस! (आणि एक गंमत: उणे चाळीस मात्र दोन्हीकडे उणे चाळीसच. तिथं दोन्ही मापकं एकमेकांना भेटतात.)

आता अडचण काय, ते बघा. ट्रेलर ओढायचा असतो, म्हणून तो हलका हवा. हलका हवा म्हणून भिंती पातळ. दादाच्या ट्रेलरची भिंत जेमतेम दोन इंचांची, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकांची छोटीशी चळत होईल तेवढी. बाहेरून पातळ पत्रा, आतून पातळ फळी आणि मध्ये थोडा काचतंतूंचा कापूस. असे ट्रेलर मुळात उन्हाळ्यात सहलीला जाण्यासाठी केलेले. बहुतेक कंपन्यांनी हिवाळ्याचा विचारच फारसा केलेला नसतो. खिडक्यांना एकेरी काच आणि ॲल्युमिनियमची चौकट. ॲल्युमिनियम तर उष्णता भराभरा वाहून नेतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे जमीन! आपल्या घराच्या फरशीखाली माती असते. ट्रेलरच्या खाली काय? चाकं, आणि सोसाट्याचा वारा. तिथं मैलोन्‌मैल सपाट गवताळ माळ, वाऱ्याला अडवायला झाड नाही की डोंगर नाही. दादा सांगायचा, "डोकं गरम, पाय बर्फ. टेबलावर चहा वाफाळतोय आणि खाली बाटलीतलं पाणी गोठलंय."

पहिल्या आठवड्यात दादानं काय केलं असेल? तुम्ही-आम्ही जे करू तेच. जास्त आग! ट्रेलरमध्ये गॅसवर चालणारी भट्टी असते. ती हवा तापवून पंख्यानं घरभर फिरवते. ती त्यानं दिवसरात्र चालू ठेवली. शिवाय विजेचे दोन हीटर आणले. एकेक दीड हजार वॉटचा. तिकडची वीज १२० व्होल्टची, म्हणजे एकेक हीटर साडेबारा अँपिअर ओढणार. त्यातला एक त्यानं लांबच्या बारीक वायरवर लावला. संध्याकाळी येऊन बघतो तर प्लगचं प्लास्टिक मऊ पडून वाकडं झालेलं, भिंतीवर तपकिरी डाग! नशीब, आग लागली नाही. आईबाबा वाचत असतील तर त्यांना दाखवा हं हे वाक्य: हीटर, गिझर, इस्त्री यांना बारीक वायरीची एक्स्टेन्शन बोर्डं नकोतच. थेट भिंतीतल्या जाड पिनांच्या सॉकेटलाच जोडायचं.

आणि गॅस? आपल्या घरच्या सिलिंडरात चौदा किलोंच्या आसपास गॅस असतो आणि तो महिना-दीड महिना पुरतो. दादाचा जवळजवळ तेवढाच सिलिंडर कडाक्यात दोन-तीन दिवसांत खडखडीत! पहाटे तीनला गॅस संपायचा. (का कोण जाणे, नेहमी पहाटे तीनलाच.) मग बाहेर अंधारात, बर्फात जाऊन दुसरा जोडायचा. त्यातच जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या त्या भागात गॅसची टंचाई झाली, भाव कडाडले. म्हणजे पगारातला मोठा हिस्सा जाळायचा आणि तरी पाय गारच.

गॅसचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो. वापरायच्या वेळी तो आतल्या आत उकळून वायू होतो आणि नळीतून येतो. उकळतो म्हणजे गरम होतो असं नव्हे बरं का! प्रोपेन नावाचा गॅस उणे बेचाळीस अंशांनाच उकळतो. ब्युटेन मात्र शून्याच्या जवळपास उकळतो. आपल्या घरच्या गॅसमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणून आपल्याकडं तो मजेत चालतो. पण लडाखसारख्या ठिकाणी ऐन हिवाळ्यात सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मंदावते. नॉर्थ डकोटात म्हणूनच प्रोपेन वापरतात. उणे तीसला ब्युटेन म्हणजे सिलिंडरात नुसतंच डचमळणारं पाणी!

शेजारच्या ट्रेलरमध्ये एक वयस्कर कामगार राहायचे. त्यांचे असे बरेच हिवाळे काढून झालेले. ते दादाला म्हणाले, "तू आकाश तापवतोयस. आधी घराला घागरा शिव."

घागरा! तिकडं खरंच असाच शब्द आहे त्याला. ट्रेलरच्या खालचा उघडा भाग चारही बाजूंनी फळ्यांनी किंवा जाड फोमच्या पाट्यांनी जमिनीपर्यंत बंद करायचा. कुणी गवताच्या गासड्या रचतं. दादानं दोन रविवार खपून फोमच्या पाट्या लावल्या, सांधे चिकटपट्टीनं बुजवले. मग बाहेरून पाट्यांच्या कडेनं फावड्यानं बर्फ लोटून ठेवला. तुम्ही म्हणाल, थंडी घालवायला बर्फ? पण भुसभुशीत बर्फाच्या कणांत हवा अडकलेली असते, म्हणजे तीही एक प्रकारची गोधडीच! एस्किमो लोकांचं बर्फाचं घर तुम्ही चित्रात पाहिलंच असेल. त्याच्या आत उबदार का वाटतं, त्याचं गुपित हेच.

घागरा लागला आणि त्याच रात्री फरक पडला. वारा खालून थांबला, भट्टी मधूनमधून बंद राहू लागली. मग दादाला चेवच चढला. खिडक्यांना आतून पारदर्शक प्लास्टिकचा ताणलेला पडदा लावला. काच आणि पडदा यांच्यात पुन्हा अडकलेली हवा! काही खिडक्यांना तर फुगे-फुगे असलेलं पॅकिंगचं प्लास्टिक लावलं. (तेच ते, जे हातात पडलं की तुम्ही टपटप फोडत बसता.) छतातल्या झरोक्यांत उशीसारखे फोमचे ठोकळे कोंबले. दाराच्या फटीत कापडाच्या वळकट्या. जमिनीवर गालिचा, त्याच्याखाली फोम.

पाण्याची तऱ्हा तर वेगळीच. पाणी गोठलं की फुगतं, साधारण नऊ टक्क्यांनी. लोखंडी नळसुद्धा फोडण्याची ताकद असते त्याच्यात. बाहेरच्या नळापासून ट्रेलरपर्यंत रबरी पाइप होता. त्याच्याभोवती विजेनं कोमट राहणारी तार गुंडाळली, वर फोमची नळी. सांडपाण्याची टाकी ट्रेलरच्या पोटाखाली असते. तिचं झाकण दादानं सुरुवातीला उघडंच ठेवलं होतं, वाटलं, आपोआप वाहून जाईल. ओघळ बारीक असल्यामुळे ते वाहता वाहता गोठत गेलं आणि तीन दिवसांत पाइप बर्फानं ठासून भरला. पुढचं मी सांगत नाही, तुम्ही जेवायला बसला असाल. एवढंच सांगते की झाकण बंद ठेवून टाकी भरली की एकदम सोडायची, म्हणजे लोट जोरात जातो आणि गोठायला सवड मिळत नाही, हे तो त्यानंतर शिकला.

आता घर कसं झालं? डब्यासारखं बंद. फट म्हणून नाही. दादानं फोनवर अभिमानानं सांगितलं, "आता इथं मुंगी शिरायची नाही." आम्हीही वा वा केलं.

आठ दिवसांत भिंती रडायला लागल्या.

खरंच! सकाळी उठून बघावं तर भिंतीवरून पाण्याचे ओघळ. खिडकीच्या चौकटीवर आतून बर्फाची झालर. गादीची भिंतीकडची बाजू ओली होऊन भिंतीला गोठून चिकटलेली. कपाटातल्या बुटांवर बुरशी. छप्पर तर गळत नव्हतं, बाहेर सगळंच गोठलेलं. मग पाणी आलं कुठून?

ते दादातूनच आलं होतं! गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ते आठवा. हवेतली वाफ गार पृष्ठभागाला लागली की तिचं पाणी होतं. झोपेतसुद्धा आपण श्वासातून आणि कातडीतून वाफ सोडत असतो, रात्रभरात पेला-दीड पेला पाण्याएवढी. त्यात अंघोळीची वाफ, भाताची वाफ. आणि तुम्हाला नवल वाटेल, पण गॅस जळताना स्वतःच पाणी तयार करतो. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. भट्टीचं बरं असतं. ती जळायला हवा बाहेरून घेते आणि जळलेला वायूही नळीनं बाहेरच सोडते. पण ओट्यावरची शेगडी? तिचं सगळं घरातच.

आणि दादा त्या दिवसांत ती शेगडी स्वयंपाक झाल्यावरही चालू ठेवत होता. घर गरम व्हावं म्हणून.

जानेवारीतली एक रात्र. बाहेर वादळ. भट्टी अखंड चालू आणि शेगडीचे दोन बर्नर लावलेले. दादा खुर्चीतच पेंगला. डोकं जड झालं होतं, जरा मळमळत होतं, पण दिवसभराच्या कामानं असेल असं त्याला वाटलं. तेवढ्यात दाराजवळच्या भिंतीवरची एक पांढरी डबी किंचाळायला लागली. कर्कश, थांबेचना. तो म्हणतो, पहिल्यांदा त्याला तिचा रागच आला आणि उठून ती बंद करावीशी वाटली. उठायला गेला तर पाय लटपटले. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. शेगडी बंद करून, दार ढकलून तो तसाच बाहेर पडला, अंगावर फक्त घोंगडी, पायांत मोजे. शेजारचे काका त्याला आपल्या ट्रेलरमध्ये घेऊन गेले आणि त्यांनीच दवाखान्यात पोचवलं. तिथं त्याला तोंडावर मास्क लावून प्राणवायू दिला. वाचला.

ती डबी कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारी होती. गॅस, कोळसा, लाकूड, काहीही जळायला प्राणवायू लागतो. बंद खोलीत तो कमी पडत गेला की जळणं अर्धवट होतं आणि हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याचं काम करतं ना? त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत राहतो, पण प्राणवायू अवयवांना पोचतच नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. झोप येते हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी दादानं छतातल्या एका झरोक्यातला फोम काढला आणि झाकण बोटभर उघडं ठेवलं. खालच्या बाजूची एक खिडकी दोन बोटं उघडी. बाहेर उणे अठ्ठावीस! काका म्हणाले, "आता जमलं तुला." दमट हवा वरून निघून जाऊ लागली, कोरडी हवा खालून यायला लागली. भिंती सुकल्या. आणि गंमत म्हणजे कोरडं अंथरूण मिळाल्यामुळे पूर्वीपेक्षा कमी थंडी वाजू लागली. शेगडी फक्त स्वयंपाकापुरती. गादीखाली फळ्यांची जाळी, म्हणजे खालून हवा खेळेल. वादळ होऊन गेलं की पहिलं काम, भट्टीच्या धुराड्याच्या तोंडावर साचलेला बर्फ काढायचा, कारण ते तोंड बुजलं तर पुन्हा तोच प्रसंग. रात्री अंगात दोन-तीन पातळ कपडे, डोक्याला टोपी आणि पायांशी गरम पाण्याची पिशवी. मार्चअखेरपर्यंत त्यानं तसे दिवस काढले.

ही सगळी गोष्ट मी त्या दिवशी उन्हात बसून वर्गाला सांगितली. मुलं रंगून गेली. एकानं घागऱ्याचं चित्रही काढलं, ट्रेलरला चक्क नऊवारी नेसवली होती! तेवढ्यात मागच्या ओळीतला एक मुलगा हळूच म्हणाला, "बाई, आम्ही पण इस्तू आतच ठेवतो."

हा मुलगा दरवर्षी द्राक्षाच्या हंगामात आमच्या शाळेत येतो. त्याचे आईवडील पेठकडून बागेच्या कामाला येतात आणि बांधावर ताडपत्रीचं पाल ठोकून राहतात. मी विचारलं, "आत म्हणजे कसं रे?" तर म्हणाला, "बाहेर पेटवायचं. धूर गेला, निखारे लाल झाले, की घमेल्यात घालून आत न्यायचे. वरून ताडपत्री गच्च ओढून घ्यायची." पालात सहा माणसं. त्यात त्याची सात महिन्यांची बहीण.

धूर गेला की धोका गेला, असं आपल्यापैकी पुष्कळांना वाटतं. मलाही लहानपणी वाटायचं. आमची आजी बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची, दारंखिडक्या लावून. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आई पहाटे डोकं धरून, भिंतीला टेकत टेकत बाहेर आली होती आणि अंगणातच बसली होती. सगळे म्हणाले, बाळंतपणाचा अशक्तपणा. मी सहा-सात वर्षांची असेन. दादाची हकीकत ऐकेपर्यंत मला ती रात्र कधी उमगली नव्हती. खरं म्हणजे लालबुंद, बिनधुराचे निखारेच हा वायू भरपूर सोडतात. धूर असता तर निदान खोकला तरी आला असता.

शाळा सुटल्यावर मी त्या मुलाबरोबर बांधावर गेले. त्याच्या वडिलांना भीती वाटली, पोरानं काही खोडी केली की काय. चहा झाला. मी सांगू लागले तर त्याचे आजोबा म्हणाले, "आमचं सगळं आयुष्य इस्तवापाशी गेलं, बाई." बरोबरच होतं त्यांचं. पण गावाकडं त्यांचं घर कुडाचं, वर कौलं. कुडाच्या आणि कौलांच्या फटींतून हवा खेळते. प्लास्टिकच्या ताडपत्रीला फट कुठली? मी एवढंच म्हटलं. ते गप्प बसले, विचार करत असावेत.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून पालालाच घागरा शिवला! वाऱ्याच्या बाजूनं ताडपत्रीच्या कडेला माती लोटून बांध घातला. शेजारच्या शेतातून गव्हाचं काड मागून आणलं, ते वीतभर जाड अंथरलं, त्यावर पोती आणि मग गोधड्या. शेकोटी पालाच्या दारापासून दूर, झोपण्यापूर्वी सगळ्यांनी बाहेर बसून शेकायचं, मग ती विझवायची. शेकोटीजवळ दगड तापवून, ते घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून पायथ्याशी घ्यायची कल्पना आजीची. ती माझ्या डोक्यात आलीच नसती. आणि वरच्या टोकाला, बांबूपाशी, वीतभर फट ठेवली. तिच्यावरून मात्र बरीच वादावादी झाली. "थंडीत भोक पाडतात का कुणी?" असं आजोबांचं म्हणणं. शेवटी मुलानंच त्यांना दादाच्या बोटभर झरोक्याची गोष्ट सांगितली, माझ्यापेक्षा जास्त रंगवून. त्याच्या गोष्टीत बाहेर उणे शंभर होतं!

आईबाबांनो, तुमच्याकडं पाल नसेल, पण न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल. न्हाणीघर लहान, दार बंद, खिडकी थंडीमुळे लावलेली. दर हिवाळ्यात त्याच्या बातम्या येतात. त्या खिडकीची झडप आजच उघडून बघा, गंजून बसली असेल तर सुताराला बोलवा. अंघोळ पाच मिनिटं गार वाऱ्यात झाली तर बिघडत नाही. आणि तांब्यांचा प्रयोग मुलांना करू द्या, मात्र गरम पाणी तुम्ही ओता. गोधडीऐवजी वर्तमानपत्र, गव्हाचा भुसा, लोकर असं काहीही घेऊन बघा, आणि मुलांनो, कोण जास्त ऊब राखतं ते मला पत्रानं कळवा. आकडे लिहायला विसरू नका. नुसतं 'खूप गरम' असं लिहिलेलं मी वाचणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा शाळेत आला. मी विचारलं, "कसं झालं रे रात्री?"

"पाय गरम राहिले," तो म्हणाला. "आजोबांनी रात्री उठून वरची फट बुजवली. मग आईनं उठून पुन्हा उघडली." थोडा वेळ तो उभाच राहिला. त्याच्या मनात काहीतरी घोळत होतं. मग म्हणाला, "बाई, तुमच्या दादाच्या घराचं दार लोखंडी ना? आतून वाफेचं पाणी, बाहेरून थंडी. सकाळी दार गोठून बसलं तर तो बाहेर कसा पडायचा?"

मला उत्तर येईना. रात्री दादाला फोन केला. तो खूप हसला. म्हणाला, "बरोबर विचारलंय पोरानं! चार-पाच वेळा बसलं होतं तसं. आतून केस वाळवायचं यंत्र लावून दाराची कड सुटी करायची. माझ्या डोक्यावर तेव्हा केस होते, म्हणून ते घरात होतं."